शेअर फोल्डर का रखडतो: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. कोल्हापूरच्या या पट्ट्यात फाउंड्री असो, मशीन शॉप असो की पॅटर्न शॉप, काम सुरू होतं ते ड्रॉइंगच्या फाइलपासून. ग्राहकाचं ड्रॉइंग, कास्टिंगचं मॉडेल, पॅटर्नचं डिझाइन, सीएनसीचे प्रोग्रॅम, तपासणीचे रिपोर्ट हे सगळं ऑफिसातल्या एका सर्व्हरवर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) असतं, आणि डिझाइनपासून अकाउंट्सपर्यंत सगळे तिथूनच फाइल उघडतात. दोन सेकंदांत उघडणारी फाइल चाळीस सेकंद घ्यायला लागली की सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं: ‘सर्व्हर स्लो झालाय.’ मग नवा सर्व्हर येतो किंवा इंटरनेटचा प्लॅन वाढवला जातो. पैसे जातात आणि फाइल पूर्वीइतकीच रखडते, कारण वेळ नेमका कुठे जातोय हे कुणी मोजलेलंच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की शेअर फोल्डरमधला बराचसा वेळ डेटा वाहून नेण्यात जात नाही, तो वाट बघण्यात जातो. ही वाट कोण कुणाची बघतंय ते आधी शोधलं पाहिजे.

सर्वांत पक्का रुजलेला समज म्हणजे इंटरनेट वाढवलं की शेअर फोल्डर पळेल. ऑफिसातल्या सर्व्हरवरची फाइल तुमच्या संगणकावर येते ती लॅन केबल आणि स्विचमधून, इंटरनेटच्या लाइनशी तिचा संबंध येत नाही. राउटरला बाहेरून येणारी केबल काढून ठेवली तरी शेअर फोल्डर उघडायला हवा. तो तेव्हा उघडलाच नाही, किंवा रोज पहिल्यांदा उघडताना अडतो आणि नंतर सुरळीत चालतो, तर संशय सर्व्हरच्या नावावर घ्यावा. संगणक सर्व्हरचा पत्ता बाहेरच्या डीएनएसला विचारत असतो, बाहेरच्याला तो ठाऊक नसतो, आणि नकार येईपर्यंत आपण थांबून राहतो. इंटरनेटचा वेग खरोखर कामाला येतो तो फाइल क्लाउडवर असेल तेव्हा, किंवा शिरोलीतला सर्व्हर उद्यमनगरातल्या ऑफिसातून व्हीपीएनने उघडला जात असेल तेव्हा. तिथेही सर्व्हरच्या बाजूचा अपलोडचा वेग बघायचा असतो, जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला डाउनलोडचा नाही.

‘स्विच गिगाबिटचा आहे, म्हणजे वेग गिगाबिटचाच.’ या समजामुळे खरा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये, आणि ८ बिटचा एक बाइट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११ मेगाबाइट मिळतात, गिगाबिटवर ११० च्या आसपास. ५०० मेगाबाइटचं मॉडेल एकीकडे पाऊण मिनिट घेईल, दुसरीकडे पाच सेकंदांच्या आत येईल. आता केबलकडे बघू. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. क्रिम्पिंग करताना एखादी तार नीट बसली नाही, किंवा टेबलाच्या पायाखाली केबल चेपली, की बऱ्याचदा दोन्ही टोकं गुपचूप १०० वर उतरतात. जोडणी चालू, दिवा हिरवा, तक्रार कसलीच नाही, फक्त वेग दहावा हिस्सा. टेबलाखाली कुणीतरी ‘तात्पुरता’ लावलेला जुना पाच पोर्टचा स्विचही हेच करतो. हे तपासायला पैसा लागत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये अडॅप्टरचा लिंक स्पीड लिहिलेला असतो. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं, तर नव्या सर्व्हरची चौकशी थांबवून आधी केबल बदलावी.

फाउंड्रीत यात आणखी भर पडते. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर, आणि ऑफिसपासून मोल्डिंग शेडच्या टोकापर्यंतचं अंतर कित्येकदा तेवढं होतं. त्यात ही केबल इंडक्शन फर्नेसच्या पॉवर केबलच्या ट्रेमधूनच ओढलेली असते. पॅकेट खराब होतात, पुन्हा पाठवावी लागतात, आणि वापरणाऱ्याला फक्त ‘कधी चालतं, कधी अडतं’ एवढंच जाणवतं. दोन शेडच्या मधे फायबर टाकणं हाच यावर खरा उपाय. अंतराची अडचण सुटते आणि विजेच्या गोंगाटाचा काचेवर परिणाम होत नाही.

याला जोडूनच येणारा समज: पिंग नीट येतोय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे. विंडोजचा नेहमीचा पिंग ३२ बाइटचा असतो. एवढासा तुकडा खराब जोडणीतूनही सहज निसटून जातो. स्विचच्या एका बाजूला वेग आणि डुप्लेक्स हाताने ठरवून ठेवलेला, दुसऱ्या बाजूला ऑटो, असं झालं तर दोन्ही टोकांचा ताळमेळ बसत नाही. तेव्हा पिंग उत्तम येतो आणि मोठी फाइल मात्र कासावीस होते. दोन्हीकडे ऑटो ठेवणं हेच आज योग्य.

आता मुख्य मुद्दा. लोक म्हणतात, ‘एक जीबीची फाइल दहा सेकंदांत कॉपी होते, मग काही एमबींचा फोल्डर इतका वेळ का घेतो?’ छोट्या फाइल म्हणजे हलकं काम, असं वाटणं साहजिक आहे. पण सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलसाठी संगणकाला विचारावं लागतं: ही आहे का, मला परवानगी आहे का, आकार किती, उघड, वाच, बंद कर. प्रत्येक प्रश्नाला उत्तर येईपर्यंत थांबायचं. शिरोलीहून उद्यमनगरात एक ट्रक भरून माल पाठवणं वेगळं, आणि एकेक नट स्वतंत्र चलन करून टेम्पोने पाठवणं वेगळं. वजन तेवढंच, फेऱ्या हजार.

हिशोब मांडून बघा. दोन हजार फाइल, प्रत्येकीला दहा प्रश्नोत्तरं, प्रत्येक प्रश्नोत्तराला एक मिलिसेकंद: झाले वीस सेकंद. हेच व्हीपीएनवरून, जिथे एका फेरीला वीस मिलिसेकंद लागतात, तिथे ४०० सेकंद, म्हणजे जवळपास सात मिनिटं. लाइन कितीही रुंद घेतली तरी हा आकडा फारसा हलत नाही. शेकडो पार्टची असेंब्ली उघडताना डिझाइनर जे भोगतो ते हेच. असेंब्ली ही एक फाइल नसते. ती प्रत्येक पार्टची फाइल शोधायला जाते, आणि जुन्या फोल्डरचे मार्ग तिच्यात राहिले असतील तर नसलेल्या जागीही शोधते.

सर्व्हरमधल्या डिस्कचं गणितही इथेच लागतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या छोट्या वाचनांना ती सेकंदाला शंभरच्या आसपासच पुरी पडते, तर एसएसडी हजारोंनी वाचते. मोठी सलग फाइल मात्र साधी हार्ड डिस्कही गिगाबिटची केबल भरून टाकेल इतक्या वेगाने देते. म्हणून ‘एसएसडी लावली तरी कॉपी तेवढीच’ हे व्हिडिओ साठवणाऱ्याच्या बाबतीत खरं असतं, असेंब्ली उघडणाऱ्याच्या बाबतीत नाही.

एकाच फोल्डरमध्ये वर्षानुवर्षांच्या लाखभर फाइल ठेवण्याची सवयही महागात पडते. बहुतेक नॅसमध्ये लिनक्स आणि सांबा असतं. सांबा म्हणजे लिनक्सवरच्या फाइल विंडोजला देणारं सॉफ्टवेअर. विंडोजला इंग्रजी नावातली मोठी आणि लहान लिपी एकच वाटते, लिनक्सला ती वेगळी. त्यामुळे एखादं नाव दिलं तसंच्या तसं सापडलं नाही, तर ते खरंच नाही याची खात्री करायला सांबाला पूर्ण यादी चाळावी लागते. ग्राहक, वर्ष आणि पार्ट नंबरप्रमाणे फोल्डर पाडले की हा त्रास फुकटात कमी होतो.

अँटिव्हायरस बंद केला की वेग येतो, हे अर्धसत्य आहे. तीच फाइल सर्व्हरही तपासतो आणि संगणकही, म्हणून दुप्पट वेळ जातो. सर्व्हरवर तपासणी चालू ठेवून संगणकावरची नेटवर्क ड्राइव्हची तपासणी वगळणं पुरेसं असतं. अँटिव्हायरस पूर्ण काढू नये. तसंच जुन्या मशीनसाठी एसएमबीची (विंडोज ज्या पद्धतीने फाइल शेअर करतं तिची) पहिली आवृत्ती सगळ्या सर्व्हरवर चालू करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच आवृत्तीतल्या दोषातून जगभर पसरला. शिवाय ती हळू आहे. २००६ मध्ये व्हिस्टाबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने प्रश्नोत्तरांच्या फेऱ्याच कमी केल्या. एखाद्या जुन्या सीएनसी मशीनला पहिलीच आवृत्ती लागत असेल, तर तिच्यासाठी वेगळी, बाकीच्या नेटवर्कपासून तोडलेली जागा करावी.

अकाउंट्सची तक्रार निराळी असते: एकटा बसलो की सॉफ्टवेअर पळतं, दुसरा आला की अडतं. यात बिघाड नाही. फाइल एकट्याकडे उघडी असेल तर सर्व्हर त्या संगणकाला तिचा भाग स्वतःकडे धरून ठेवू देतो. दुसऱ्याने ती उघडली की ती मुभा काढून घेतली जाते आणि प्रत्येक नोंद सर्व्हरपर्यंत जाऊन येते. ही सोय कायमची बंद करून काही साधत नाही. डेटाबेस शेअर फोल्डरमधून काढून खऱ्या सर्व्हर आवृत्तीवर नेणं हा त्याचा मार्ग.

म्हणून तक्रार आली की आधी विचारावं: कुणाला, कुठल्या फाइलला, किती वाजता? एकट्यालाच त्रास असेल तर त्याची केबल आणि बंद पडलेल्या जुन्या सर्व्हरचा मॅप करून ठेवलेला ड्राइव्ह बघावा. सगळ्यांना सकाळी अकरालाच होत असेल तर बॅकअपची वेळ बघावी. मग तीन मोजमापं घ्यावीत. एक जीबीची एकच फाइल कॉपी करावी, तेवढ्याच आकाराच्या हजारो छोट्या फाइल कॉपी कराव्यात, आणि आयपर्फ चालवावं. आयपर्फ डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्क मोजतं. आयपर्फ चांगलं आणि मोठी फाइल मंद, तर डिस्क किंवा अँटिव्हायरस. दोन्ही चांगली आणि छोट्या फाइल मंद, तर फेऱ्यांचा हिशोब.

एक प्रकार मात्र असा आहे, की त्यात मोजमाप मागे ठेवावं लागतं. ‘रेड आहे, म्हणजे डेटा सुरक्षित’ या भरवशावर बऱ्याच ठिकाणी नॅस कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. रेड ५ मध्ये, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा वाटून ठेवण्याच्या रचनेत, एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, पण गेलेल्या डिस्कवरचा प्रत्येक तुकडा उरलेल्या डिस्कवरून आकडेमोड करून काढावा लागतो, आणि तेव्हाच सगळे म्हणायला लागतात की सर्व्हर स्लो झालाय. त्या अवस्थेत दुसरी डिस्क गेली तर ड्रॉइंग परत येत नाहीत. म्हणून नॅसच्या पानावर डिग्रेडेड हा शब्द दिसला, तर डिस्क बदलण्याआधी, कुठलीही चाचणी घेण्याआधी, कामाच्या फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून घ्यावी.