फुकटचे प्यादे

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या की आमच्याकडच्या मांगरात बुद्धिबळाचा पट पसरला जातो. मी तिथेच, मामांच्या शेजारी बसून खेळ शिकलो. त्या पटावर अजूनही देशी नियम चालतात. प्यादे एकेकच घर सरकते, किल्लेकोट नाही; राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्याची उडी मिळते. असा डाव संथ चालतो. एक प्यादे जास्त झाले की ते जिवापाड जपायचे, हेच मी तिथे शिकलो. शिवाय आमच्या घरात हाती आलेली वस्तू कोणी परत करत नाही. परत करण्याइतके जादा कधी काही नसतेच.

ही शिकवण घेऊन मी गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या संघातून चौथ्या पटावर बसलो. तीन पटांचे निकाल लागून दोन्ही संघांचे गुण दीड-दीड झाले होते, आणि माझा डाव सहाव्या चालीलाच संपल्यात जमा होता. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवातीलाच एक प्यादे आपणहून मारायला देण्याच्या खेळीस गॅम्बिट म्हणतात. शब्द मूळचा इटालियन, पायात पाय घालून पाडणे या अर्थाचा. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ च्या आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळासाठी वापरला. प्यादे देणाऱ्याला बदल्यात वेळ मिळतो. आपण एक चाल प्यादे खाण्यात घालवतो, पुढच्या दोन-तीन ते राखण्यात. तेवढ्यात त्याचे घोडे, उंट बाहेर पडलेले असतात.

माझ्यासमोर वजिराचा गॅम्बिट आला. दोन्हीकडची वजिरापुढची प्यादी दोन-दोन घरे पुढे आली. मग पांढऱ्याने वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे दिले, ते मी खाल्ले. त्याने राजापुढचे प्यादे एक घर सरकवताच त्याच्या उंटाचा मारा माझ्या प्याद्यावर आला. मी वजिराकडच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे रेटून जोर दिला. त्याने हत्तीपुढचे प्यादे दोन घरे टाकून त्या जोरावरच घाव घातला. मी उंटापुढच्या प्याद्याने जोराला जोर दिला. त्याने मारले, मी मारले, आणि त्याचा वजीर राजाकडच्या उंटाच्या तिसऱ्या घरात आला. पाहतो तर तिथून माझ्या कोपऱ्यातल्या हत्तीपर्यंतची तिरकी रेघ साफ मोकळी! ती मोकळी केली होती माझ्याच तीन प्याद्यांनी. हत्ती वाचवायचा तर घोडा किंवा उंट द्यावा लागतो. (जोर हत्तीपुढच्या प्याद्याने दिला असता तरी भागले नसते, त्याने मारताच मागचा बिनजोर हत्ती उघडा पडतो.) एका प्याद्यासाठी मी तीन प्यादी हलवली होती आणि घोडे, उंट सगळे तबेल्यात.

परतीच्या एसटीत संघातले कोणी मला काही बोलले नाही. ते बोलले असते तर बरे झाले असते. रात्री मामांना डाव मांडून दाखवला. ते म्हणाले, "झिला, खाल्लंस ता खाल्लंस. पण तेका सांभाळूक बाकीची माणसां घरातच बसवलंस?"

मग प्यादे खाऊच नये काय? तसेही नाही. जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखविरुद्ध पहिल्या डावात कोनेरू हंपी यांनी हाच गॅम्बिट स्वीकारला. तो डाव बरोबरीत सुटला. पुढे टायब्रेकरमध्ये जिंकून दिव्याने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी चषक मिळवला. ग्रंथांतून सांगितलेली रीत अशी की प्यादे खावे, पांढऱ्याचा उंट ते परत घेण्यात गुंतला असता आपण घोडा काढावा, राजाचा किल्लेकोट करावा आणि उंटापुढच्या प्याद्याने मधल्या घरांना धक्का द्यावा. प्यादे गेले तरी बरोबरीचा डाव हाती राहतो.

राखण्याजोगी प्यादीही असतात. १९६० साली मार देल प्लाता येथे सतरा वर्षांचा बॉबी फिशर राजाच्या गॅम्बिटमध्ये बोरिस स्पास्कीकडून हरला. त्याने प्यादे खाल्ले, राजाकडच्या घोड्यापुढच्या प्याद्याने लगेच जोर दिला. स्पास्कीने हत्तीपुढच्या प्याद्याने तो जोर उखडला आणि त्याचा घोडा थेट पटाच्या मध्यात जाऊन बसला. १९६१ साली फिशरने लेख लिहून उपाय सांगितला: आधी वजिरापुढचे प्यादे एक घर सरकवावे. त्याने घोड्याचे ते घर बंद होते आणि आपल्या उंटाची वाटही उघडते. मला यातून एक खूण सापडली. जोर देणारी चाल एरवीही खेळायचीच चाल असेल, तर प्यादे राखावे. निव्वळ राखण्यापुरती असेल, तर सोडावे. आपला सिंधुदुर्ग किल्ला भर समुद्रात उभा, पण दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी तटाच्या आतच आहेत. पाणी रोज होडीने न्यावे लागते तर वेढ्यात काय झाले असते?

तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो. १८२० च्या दशकात एव्हन्स नावाच्या वेल्श जहाजाच्या कप्तानाने एक गॅम्बिट शोधला. (आमच्या मांगरात ही गोष्ट फार खपली!) त्यावर पुढे जगज्जेत्या लास्करने तोड सांगितली. प्यादे खावे, आणि सातव्या चालीला उंट शांतपणे मागे घेऊन ते परत देऊ करावे. पांढऱ्याने घेतले तर वजिरावजिरी होते, हल्ल्यातली हवा जाते, आणि पांढऱ्याची वजिराकडची प्यादी विखुरलेली राहतात.

या पावसाळ्यात मी मामांना नव्या नियमांनी खेळायला बसवले आणि वजिराचा गॅम्बिट दिला. त्यांनी प्यादे खाल्ले. मी राजापुढचे प्यादे सरकवले. त्यांचा हात घोड्यापुढच्या प्याद्याकडे गेला, थांबला. बाहेर सरी कोसळत होत्या. बराच वेळ पटाकडे बघून ते म्हणाले, "जांवदे ता," आणि घोडा बाहेर काढला.