रोग येण्याआधीच टोमॅटोला सावध करू या

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर गेलो की एक प्रश्न हमखास येतो, "दादा, टोमॅटोवर करपा आलाय, कोणतं औषध मारू?" बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो. औषधाची उधारी अंगावर राहते आणि पीकही हातचे जाते. म्हणून रोगाआधी काय करता येते, ते आपणा साहाय्यकर्त्यांना थोडक्यात सांगतो.

रोपाला आपल्यासारखे रक्त नसते, तरी ते अगदीच असहाय नसते. रोगजंतू पानात शिरताना रोपाने ओळखला, तर तिथल्या पेशी स्वतः मरून त्याची वाट अडवतात आणि बाकीच्या रोपाला इशारा जातो. अमेरिकेत फ्रँक रॉस यांनी तंबाखूच्या खालच्या पानांना विषाणूची लागण केली. काही दिवसांनी तोच विषाणू वरच्या पानांना लावला, तेव्हा डाग लहान पडले. हे त्यांनी 1961 साली प्रसिद्ध केले. पुढे कळले की या कामात सॅलिसिलिक आम्ल महत्त्वाचे असते. अ‍ॅस्पिरिन त्याच्यापासूनच बनते. पण म्हणून गोळ्या विरघळवून फवारू नयेत; प्रमाण चुकले तर पाने करपतात.

आमच्या शेतकऱ्यांना परवडणारा मार्ग म्हणजे ट्रायकोडर्मा. ही मित्रबुरशी मुळांभोवती वाढते, मर रोगाच्या बुरशीला रोखते आणि रोपाला सावध ठेवते. लावणीच्या वेळी लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम पावडर कालवून रोपांची मुळे त्यात बुडवावीत. चांगल्या कुजलेल्या शेणखतातही ती मिसळता येते. त्यासोबत रासायनिक बुरशीनाशक मात्र वापरू नये, नाहीतर मित्रबुरशीच मरते.

बाकीची काळजी बिनखर्चाची आहे. युरिया बेताने द्यावा, कारण लुसलुशीत वाढीवर रोग लवकर येतो. झाडांना काठीचा आधार द्यावा, पाणी पानांवर न टाकता मुळाशी द्यावे. वांगी, मिरची, बटाटा ही टोमॅटोचीच भावंडे. त्यांच्या जागी लगेच टोमॅटो लावू नये.

एवढे करूनही रोग येणारच नाही, असे नाही. सतत पाऊस आणि ढगाळ हवा असली, तर उशिराचा करपा थोड्या दिवसांत शेत काळे करतो. पण सावध रोप जास्त तग धरते आणि फवारणीचा खर्च कमी होऊ शकतो.

आपल्या मदतीलाही हीच वेळ लागू आहे. रोपे वाफ्यात असतानाच ट्रायकोडर्माची पुडी घरात पोहोचली, तर तिचा उपयोग. पाने काळी पडल्यावर आलेली मोठी रक्कमही ते पीक परत आणू शकत नाही.