गजाआडची गर्दी

घरात खडू आहे का? मग आईला विचारून (हो, विचारूनच!) फरशीवर एक चौकोन काढा. लांबी साडेसहा फूट, रुंदी सहा फूट. आता त्यात चटई, कपड्यांची पिशवी, ताट-वाटी ठेवा आणि आडवे व्हा. केंद्र सरकारने 2016 मध्ये तुरुंगांसाठी आदर्श नियमावली तयार केली. तिच्यानुसार बराकीत एका कैद्याला साधारण एवढी, म्हणजे 3.71 चौरस मीटर जागा मिळायला हवी. आणि झोपण्याच्या बराकीत दर दहा जणांमागे एक संडास.

कागदावर हं! आता मुंबईत भायखळ्याला जाऊ. जे. जे. रुग्णालयाजवळ बायकांचा स्वतंत्र तुरुंग आहे. वकील सुधा भारद्वाज तिथे खटला सुरू व्हायची वाट पाहत होत्या. डिसेंबर 2021 मध्ये जामिनावर सुटल्यावर त्यांनी मुलाखतींत सांगितलं, की त्यांच्या बराकीत एके काळी 75 बायका होत्या. जमिनीवर एकमेकींना चिकटून झोपायचं. वाट्याला येणारी जागा शवपेटीएवढी. जेवणाला रांग, संडासाला रांग. साहजिकच त्यावरून भांडणं! अशा दाटीत आजार पसरायला वेळ लागत नाही. जुलै 2018 मध्ये याच तुरुंगातल्या 80च्या आसपास बायकांना उलट्या-जुलाबांमुळे रुग्णालयात न्यावं लागलं. सप्टेंबर 2021 मध्ये तिथे करोना पसरला, तेव्हा आजारी पडलेल्यांत लहान मुलंही होती.

लहान मुलं? तुरुंगात? त्यांच्याबद्दल पुढे सांगते. आधी तुमच्या मनातला प्रश्न घेऊ. "गुन्हा केला म्हणूनच तुरुंगात गेल्या ना? मग गर्दी असली तर काय बिघडलं?"

थांबा. तुरुंगात दोन प्रकारचे कैदी असतात. शिक्षा झालेले ते पक्के कैदी. ज्यांचा खटला अजून चालूच आहे ते कच्चे कैदी. कच्च्या कैद्याने गुन्हा केला की नाही, हे अजून ठरायचंय. उद्या न्यायाधीश म्हणतील, "ही बाई निर्दोष आहे." मग आत घालवलेली दोन-तीन वर्षं कोण परत देणार? 2022 अखेर आपल्या देशात 23,772 बायका तुरुंगात होत्या आणि त्यांतल्या दर चारपैकी तीन कच्च्या कैदी होत्या!

मग त्या जामीन का घेत नाहीत? कारण कोर्टाने जामीन मंजूर केला तरी रक्कम भरावी लागते, किंवा हमी देणारा जामीनदार उभा करावा लागतो. घरकाम करणारी, फुटपाथवर राहणारी, परप्रांतातून आलेली बाई जामीनदार आणणार कुठून? पुष्कळदा घरचे लोकही तोंड फिरवतात. पुरुष आत गेला तर बायको डबा घेऊन मुलाखतीला येते. (तुरुंगात भेटीला मुलाखत म्हणतात.) बाई आत गेली तर मुलाखतीला येणारं कुणी असेलच असं नाही. जामीन मंजूर होऊनही ती आत, आणि बराकीतली गर्दी तशीच.

एक गंमत सांगू? खरं तर गंमत नव्हे. देशभरची सरासरी काढली तर बायकांच्या स्वतंत्र तुरुंगांत जागा शिल्लक दिसते! पण असे तुरुंग 2022 मध्ये देशात होते अवघे 34. बहुतेक बायका पुरुषांच्या तुरुंगातल्या एखाद्या बंदिस्त कोपऱ्यात राहतात. शंभर कैद्यांत बायका जेमतेम चार, त्यामुळे तुरुंग बांधताना त्यांचा विचार शेवटी होतो. आणि ज्या शहरात खटला, तिथेच कच्च्या कैद्याला ठेवावं लागतं, कारण तारखेला कोर्टात न्यायचं असतं. दूरच्या रिकाम्या बराकीचा भायखळ्यातल्या बाईला काय उपयोग?

आता मुलांबद्दल. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं. 2022 अखेर अशी 1,764 मुलं होती. सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2006 रोजी या मुलांविषयी मोठा निकाल दिला. त्यात त्यांच्या आयुष्याबद्दल काही गोष्टी नोंदवल्या आहेत. फक्त बायकांमध्ये वाढल्यामुळे काही मुलगे मुलींसारखं बोलतात, म्हणजे मराठी मुलगा "मी जातो" ऐवजी "मी जाते" म्हणेल. आईबरोबर कोर्टात जाताना वाटेत एखादं जनावर दिसलं तर घाबरतात. वाचताना माझ्या पोटात कालवलं. न्यायालयाने सांगितलं, या मुलांना कैदी समजू नका. त्यांना वेगळं जेवण, पाळणाघर, बालवाडी द्या. जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहू नका, फक्त त्या वस्तीचा पत्ता लिहा.

बाहेरच्या माणसाने लक्ष घातलं की आतली परिस्थिती हलते, याचं एक उदाहरण मुंबईचंच आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या 15 स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयाने त्या साध्या पत्रालाच याचिका मानलं! निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. आरमायटी देसाई यांना तुरुंगात जाऊन पाहणी करायला सांगितलं. 1983 च्या निकालात हुकूम निघाले : बायकांची कोठडी वेगळी, पहाऱ्याला महिला पोलीस, आणि अटक झालेल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी, इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावायचे.

कायद्याने कोणत्याही बाईला, ती गरीब असो वा श्रीमंत, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जामिनाची रक्कम नसलेल्या गरीब कैद्यांसाठी 2023 पासून केंद्राची मदत योजना आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने, आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायला हवं. फार गंभीर गुन्हे किंवा एकाहून जास्त खटले असतील तर मात्र नाही. मुदत भरली की कोर्टाला कळवायचं काम तुरुंगाच्या अधीक्षकाचं. पण आतल्या बाईला हे सांगणार कोण? बराकीत सुधाताई इतर कैद्यांचे अर्ज लिहून देत. बाहेरून 'प्रयास'चे कार्यकर्ते 1990 पासून मुंबईत हे काम करताहेत. ते कोर्टात वकील गाठतात, घरच्यांना शोधून काढतात.

तोवर आईचा खटला संपला नाही आणि मुलाला सहा वर्षं पूर्ण झाली, तर त्याला बाहेर पडावं लागतं. कुणी आजीकडे जातं, कुणी मामाकडे. कुणीच नसलं तर शक्यतो त्याच शहरातल्या बालगृहात. तिथून त्याला आठवड्यातून किमान एकदा आईच्या भेटीला आणायचं, असं 2006 च्या निकालात लिहून ठेवलं आहे.