'वेडा' हे एकच खाते नव्हे

आपल्या भागात कोणी जरा विचित्र वागला की "याला धारवाडला पाठवा" असे थट्टेने म्हणतात. धारवाडचे मनोरुग्णालय १८४५ सालचे. या थट्टेत खिन्नता, भ्रम, मतिमंदत्व सारे एकाच खात्यावर मांडले जाते. वैद्यकशास्त्राने मात्र ही खाती वेगळी करण्यासाठी शतके खर्च केली आहेत.

चरकसंहितेत उन्मादाचे वातज, पित्तज, कफज, सन्निपातज व आगंतुक असे पाच प्रकार सांगितले आहेत. आधुनिक वर्गीकरणाचा पाया जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिन यांनी घातला. रोग्यांची टिपणे ते वर्षानुवर्षे ठेवत. एका दिवसाच्या शिलकेवरून व्यापाऱ्याची पत ठरत नाही. तसे केवळ आजच्या लक्षणांवरून नव्हे, तर आजाराच्या वाटचालीवरून त्यांनी निदान केले. १८९९ मध्ये त्यांनी दोन मोठे गट पाडले : एकात बुद्धी व भावना ढासळत जातात, दुसऱ्यात उन्माद व खिन्नतेचे झटके येतात आणि मध्यंतरी रोगी सावरतो. पहिल्या गटातलेही काही रोगी सुधारतात हे पाहून स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये त्याला 'स्किझोफ्रेनिया' हे नवे नाव दिले.

खतावणीत चुका होतात, तशा येथेही झाल्या. समलिंगी आकर्षण अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत रोग म्हणून होते. १९७३ मध्ये ते वगळण्यात आले. आपल्याकडे १९१२ च्या कायद्याने 'ल्युनॅटिक' या व्याख्येत 'इडियट'लाही बसवले होते. १९८७ च्या कायद्याने मतिमंदत्व मनोविकारातून वेगळे काढले. २०१७ चा कायदा तर सांगतो की निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच व्हावे. समाजाच्या रीतीभाती न पाळणे हा मनोविकाराचा पुरावा नव्हे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. १८७२ च्या करार कायद्याचे बारावे कलम आपण अभ्यासतो. मनोरुग्णालयातील रोगीसुद्धा ज्या काळात शुद्धीवर असतो त्या काळात करार करू शकतो, असे उदाहरण तेथे दिले आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यालाही जे उमगले, ते आपल्याला उमगू नये काय?

वर्गीकरण आजाराचे असते, माणसाचे नव्हे. योग्य नाव मिळाले तर योग्य उपचार मिळतो. 'वेडा' हा शिक्का बसला, तर घरचे लोक आजार लपवतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. वर्गातला एखादा मित्र महिनोन्महिने गप्प, उदास राहू लागला, तर त्याला नाव ठेवण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. आजाराला नाव देण्याचे काम त्यांचे आहे.