बोजाऱ्याचा बैल आणि बीटनिक बँडिट

लेखमाला : टेबलावरचं गॅरेज, भाग 7

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत चक्कर मारा. विताएवढ्यापासून माणसाच्या कमरेला लागतील इतक्या उंचीचे लाकडी बैल ओळीनं उभे असतात. पायांखाली पाटी, पाटीला चार चाकं, पुढे ओढायला दोरी. दोनेक वर्षांपूर्वी तिथल्या एका कारागिराला भाव विचारला, तर शेजारी शेजारी उभ्या दोन बैलांत जवळजवळ दुपटीचा फरक निघाला. माप तेच, लाकूड तेच. मी विचारलं, असं कसं? तो म्हणाला, "भाऊ, लाकूड तं दोघाईचं सारखंच हाय. पैसा रंगाचा लागते."

शो-कार म्हणजे काय, हे याहून थोडक्यात मला सांगता येणार नाही. पण लेखमालेचा भाग भरायचा आहे, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी आधी बैलाचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो, तो तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी तो 1806 साली सुरू केला, असं सांगतात. पोरं सजवलेला लाकडी बैल ओढत घरोघर जातात आणि घरची माणसं त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे थोडे पैसे किंवा खाऊ, ठेवतात. चौकाचौकांत स्पर्धा होतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर नंदी एवढाले असतात की ते ओढायला मोठी माणसं लागतात. झूल, घुंगरमाळ, शिंगांवरचा बेगड, सगळं पाहून बक्षीस ठरतं. हा बैल नांगराला कसा चालेल, असं कुणीही विचारत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या रोडस्टर शोमध्ये 1950च्या दशकात असाच पोळा भरायचा, गाड्यांचा. 'अमेरिकेतली सर्वांत देखणी रोडस्टर' हा तिथला मानाचा किताब. 1958 आणि 1959 अशी लागोपाठ दोन वर्षं तो 'आला कार्ट' नावाच्या गाडीनं नेला. मूळ जीव 1929च्या फोर्ड मॉडेल ए पिकअपचा, म्हणजे माल वाहायच्या गाडीचा. जॉर्ज बॅरिसच्या कारखान्यात तिला मोतिया पांढरा रंग चढला, त्यावर नक्षी आली, आणि मग ती माल वाहायला कधी गेली नाही. वऱ्हाडात माल वाहायची ती बंडी, आणि पाहुण्यांना आणायला जायची ती दमणी. बॅरिसनं बंडीची दमणी केली, एवढंच. याच बॅरिसनं पुढे 1966च्या टीव्ही मालिकेसाठी बॅटमोबाईल बांधली, तीही 1955च्या लिंकन फ्युच्युरा या प्रदर्शनी गाडीवरून.

दुसरा वल्ली एड रॉथ. त्याला जुनी गाडी सजवण्यापेक्षा मुळापासून नवी घडवण्याची हौस होती, आणि त्यासाठी त्यानं फायबरग्लास हाताशी धरलं. त्याची 'बीटनिक बँडिट' पाहिली की पहिल्यांदा हसूच येतं. छत म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा बुडबुडा. तो फुगवायला पिझ्झाची भट्टी वापरली होती. स्टीअरिंगच्या जागी एक दांडा. त्याच्या 'मिस्टेरियन'मध्ये इंजिनं दोन. ही गाडी इतकी नाजूक होती की आज मूळ मिस्टेरियन उरलेलीच नाही. तिचं प्लॅस्टिकचं, सुटे भाग जुळवून बांधायचं किट मात्र आहे. शो-कारच्या जुन्या किटांना मी केवळ खेळणं का मानत नाही, याचं एक कारण हे.

आता किटांचा धंदा. मिशिगनमधल्या ट्रॉय गावची एएमटी ही कंपनी मुळात गाडीविक्रेत्यांना छोटे नमुने पुरवायची. गिऱ्हाइकानं नवी गाडी कशी दिसते ते हातात घेऊन पाहावं, हा हेतू. 1958 पासून त्याच धर्तीवर सुट्या भागांचं 'एकात तीन' किट निघालं: गाडी कारखान्यातून निघाली तशी जुळवा, सजवून जुळवा किंवा शर्यतीची करा. पोरांच्या हाती पहिल्यांदाच निवड आली. रेव्हेल या दुसऱ्या किट-कंपनीनं मग रॉथलाच गाठलं. त्याच्या गाड्या निघाल्या, आणि 1963मध्ये त्याचा तो बटबटीत डोळ्यांचा हिरवा उंदीर 'रॅट फिंक'ही डब्यातून विकायला आला. बीटनिक बँडिट तर 1968च्या पहिल्या सोळा हॉट व्हील्समध्येही होती.

मोनोग्राम या तिसऱ्या कंपनीकडे टॉम डॅनियल हा डिझायनर होता. त्याची 'रेड बॅरन' ही या साऱ्या प्रकाराची कमाल. पहिल्या महायुद्धातलं जर्मन शिरस्त्राण छत म्हणून बसवलेली लाल गाडी. तिचं किट आधी निघालं आणि तुफान खपलं, म्हणून 1969मध्ये त्या किटावरून खरी, माणूस बसेल अशी गाडी बांधण्यात आली. खेळण्याची गाडी झाली! लाकडी बैल पाहून कुणी खरा बैल विकत घ्यावा, तसलाच प्रकार.

एवढी खपूनही जुनी किट्स आज दुर्मिळ का? त्याचं उत्तर पोलादी साच्यात आहे. साचा कोरायला पैसा फार लागतो, म्हणून कंपन्या जुना साचा फेकत नसत, त्यावरच काम करत. यंदाच्या गाडीचा साचा पुढच्या वर्षी खोदून, भरून नव्या गाडीचा व्हायचा. एकदा बंपर बदलला की जुना बंपर जगात परत येणं नाही. ज्या साच्यांना हात लागला नाही, त्यांतून आजही नवी आवृत्ती निघते आणि ती स्वस्तात मिळते. म्हणून डब्यावरचं चित्र पाहून कधीही भाव देऊ नका. आतले भाग कुठल्या आवृत्तीचे ते आधी पाहा.

आता माझ्या टेबलावरचं सांगतो. 1986 साली डेट्रॉइटहून आलेल्या माझ्या आतेभावानं मला रेड बॅरनचं किट आणून दिलं होतं. 'मोठा झाल्यावर नीट करीन' म्हणून मी ते माळ्यावर ठेवलं. मोठा होऊन बरीच वर्षं झाल्यावर डबा उघडला, तर एक टायर क्रोमच्या शिरस्त्राणाला टेकून बसलेला. तो उचलला, तर तो उचललाच जाईना. जोर लावून सुटला तेव्हा शिरस्त्राणावर अर्धचंद्राची खाच, आणि तेवढ्या जागेवरचं क्रोम गायब. व्हिनाइलचा टायर लवचीक राहावा म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरीनला गिळतं. उष्णतेत हे काम जोरात चालतं. नागपुरातला माळा, त्यात वैशाख, मग विचारता काय! तुमच्याकडे असा बंद डबा असेल तर आजच उघडा आणि टायर वेगळ्या पिशवीत घाला.

शिरस्त्राणाचं उरलेलं क्रोम काढायला मी ते घरातल्या ब्लीचमध्ये बुडवलं. क्रोम म्हणजे ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर. काही तासांत पाणी गढूळ आणि भाग उघडा. क्रोमखालचं पिवळट वार्निश मात्र ब्लीचला दाद देत नाही, ते मी पाण्यात भिजवलेल्या बारीक सँडपेपरनं घासून काढलं. खाच पुट्टीनं भरली. नव्या क्रोम रंगाखाली आरशासारखा काळा रंग लागतो, म्हणून स्प्रेचा डबा घेऊन मे महिन्यात दुपारी गच्चीवर गेलो. चूक इथेच झाली. तापलेल्या हवेत रंग पसरायच्या आतच सुकला आणि पृष्ठभागावर बारीक खळगे उठले. जगभरचे मॉडेलवाले या दोषाला 'संत्र्याची साल' म्हणतात. नागपूरकराला हे समजावायला फोटो लागत नाही. सालीसकट सारं घासून पुन्हा रंगवलं, या खेपेस सकाळी सहाला. पावसाळ्यात तेही करू नका. हवेतला ओलावा लॅकरमध्ये अडकतो आणि रंगावर पांढुरकी झाक येते.

एका बाबतीत मात्र आमच्या उन्हानं उपकार केले. डेकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायच्या चित्रांचा, कागद चहात बुडवल्यासारखा पिवळा पडला होता. तो पारदर्शक पिशवीत घालून पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवला. आठवड्याभरात पिवळेपणा उतरला. पण जुनं डेकल पाण्यात गेल्यावर तुकडे तुकडे होऊ शकतं, तेव्हा आधी नको असलेलं एक टाकून बघा, आणि ते फुटलं तर बाकीच्यांवर क्लिअर लॅकरचा हात फिरवा. डेकलवर पुढचा अख्खा भाग आहे, म्हणून इथे थांबतो.

चमकीबद्दल एक सूचना. शो-कारच्या रंगात धातूचे कण असतात, म्हणून हौशी माणूस बाजारातली चमकी आणून रंगात कालवतो. गणित करा: अर्ध्या मिलिमीटरचा कण 1/25 प्रमाणातल्या गाडीवर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेबारा मिलिमीटरची टिकली. बैलाच्या झुलीवर ते शोभतं. गाडी मात्र त्यानं नवरीसारखी दिसते. शक्य तितकी बारीक पूड घ्या, किंवा सोनेरी रंगाच्या थरावर पारदर्शक लाल रंग द्या. खोली आपोआप येते.

आता वादाचा मुद्दा. बंद डबा बंदच ठेवावा, कारण उघडला की किंमत घसरते, असं मानणारे संग्राहक पुष्कळ आहेत, आणि बाजाराच्या दृष्टीनं ते चुकत नाहीत. मला मात्र शो-कारच्या बाबतीत ते पटत नाही. साध्या फोर्डचं किट डब्यात राहिलं तर एक नमुना राहतो. शो-कारचं किट डब्यात राहिलं तर काय राहतं? तिचं सारं असणंच दाखवण्यात आहे. अपवाद मी एकच करतो: साचा बदलून गेलेलं, पुन्हा न निघणारं, पूर्ण भागांचं किट. तेही बांधायचंच असेल, तर आधी प्रत्येक भागाचा फोटो पट्टीसोबत काढा.

हे लिहिताना आमच्या घरचा लाकडी बैल माळ्यावरून उतरवला. आजोबांनी घेतलेला. एका पायाचा रंग उडाला होता तिथे नखानं उचकटून पाहिलं: वर पांढरा ऑइलपेंट, त्याखाली पिवळा, मग पुन्हा पांढरा, आणि अगदी तळाशी, लाकडाला चिकटलेला, गेरूचा एक ठिपका. दर दोन-चार पोळ्यांना कुणीतरी त्याला नवा करत आलं होतं. त्या पायाला मी यंदा रंग लावलेला नाही. तुमच्याही माळ्यावर असा बैल असेल, तर यंदा ब्रश हातात घेण्याआधी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढा, आणि एक पाय तसाच सोडा.

(पुढच्या आठवड्यात : फुटणारी डेकलं आणि त्यांचा इलाज)