आडवाटेचा क्वार्टरबॅक

सेंट लुईसचा रॅम्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ लॉस अँजेलिसला नेण्यास त्या खेळाच्या व्यावसायिक लीगच्या संघमालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी मंजुरी दिली, त्या १२ जानेवारी २०१६ च्या ठरावाला यंदा दहा वर्षे झाली. ज्या बंदिस्त मैदानासाठी लोकांच्या करातून पैसा उभा केला होता ते मागे उरले, त्यावरचे कर्ज संघ निघून गेल्यावरही लोक फेडीत राहिले, आणि २०२१ साली ७९ कोटी डॉलर घेऊन शहराने आपला दावा काढून घेतला. दप्तरी प्रकरण तेथे संपले. परंतु ज्याने उमेदीची वर्षे प्रथम आयोवात आणि मग मिसूरीत काढली त्या माझ्यासारख्या मराठी माणसाच्या मनातून ते गेलेले नाही. कारण त्या संघाच्या नावाशी माझ्या लेखी एक गोष्ट कायमची बांधली गेली आहे, आणि ती ज्या रीतीमुळे घडली ती रीत माझ्या डोळ्यांदेखत मोडीत निघाली आहे.

रॅम्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर याची ही गोष्ट अमेरिकेत इतक्यांदा सांगितली गेली, २०२१ साली तिच्यावर चित्रपटही निघाला, की आता तिला पुराणकथेची कळा आली आहे. आणि गोष्टीची पुराणकथा झाली की लोक तिच्यातला चमत्कार तेवढा लक्षात ठेवतात आणि कारण विसरतात. मला त्या कारणाविषयी लिहावयाचे आहे.

या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगणे अवश्य आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये डाव सुरू होताच चेंडू ज्याच्या हाती येतो, आणि समोरचे आडदांड गडी अंगावर येऊन आदळण्यापूर्वीच्या दोन-तीन सेकंदांत तो कोणाकडे फेकावयाचा हे ज्याला ठरवावे लागते, तो क्वार्टरबॅक. कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना व्यावसायिक संघ दर वसंतात पाळीपाळीने निवडून घेतात, त्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. त्या यादीत ज्याचे नाव लागत नाही त्याला एखाद्या संघाने उन्हाळी शिबिरात बोलावले, तरच चाचणीपुरता उंबरठा ओलांडावयास मिळतो, आणि तेथला करार कोणत्याही सकाळी रद्द होऊ शकतो. १९९२ पर्यंत ड्राफ्टच्या १२ फेऱ्या होत. १९९३ साली त्या ८ झाल्या आणि १९९४ पासून ७.

त्याआधीच्या काळाविषयी सांगण्यासारखे माझ्यापाशी थोडे आहे. विस्कॉन्सिनमधील मिल्टन नावाच्या चिमुकल्या कॉलेजचा क्वार्टरबॅक डेव्ह क्रीग १९८० साली बाराही फेऱ्यांत कोणाच्या नजरेस पडला नाही. सिअॅटलच्या संघाने त्याला शिबिरात घेतले, तो तेथे टिकला, आणि १९८२ साली त्याचे कॉलेज कायमचे बंद पडल्यावरही तो आणखी सोळा वर्षे या लीगमध्ये खेळत राहिला. त्याच दशकात सेंट लुईसचा पूर्वीचा संघ, कार्डिनल्स, १९८८ साली ॲरिझोनाला निघून गेला. बाकी त्या दशकातले सामने मला आज आठवावे लागतात, आपण होऊन आठवत नाहीत.

खरा काळ तो पुढचा. आयोवाच्या ईशान्येकडील वॉटर्लू आणि सीडर फॉल्स या जोडगावांवर तेव्हा ऐंशीच्या दशकातील शेतीच्या मंदीचे ओझे अजून होते. वॉटर्लूचा मांस-प्रक्रियेचा जुना, विख्यात कारखाना १९८५ साली बंद पडला होता, आणि ट्रॅक्टरच्या कारखान्यातील माणसे पुढच्या कपातीची वार्ता कानोसा घेऊन ऐकत. अशा गावात नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाचे छपराखालचे मैदान हे शनिवारचे एकमेव मोठे ठिकाण होते. आम्ही चार-दोन मराठी कुटुंबे प्रथम तेथे गेलो ती बाहेरच्या नोव्हेंबरी वाऱ्यापासून आडोसा मिळतो म्हणून, आणि पुढे जात राहिलो ती खेळाची गोडी लागल्यामुळे. वॉर्नर त्या कॉलेजात पहिली वर्षे बाकावर बसून होता. शेवटच्या, म्हणजे १९९३ च्या हंगामात त्याला संघाची धुरा मिळाली, आणि त्याच वर्षी त्यांच्या गटातील सर्वोत्कृष्ट आक्रमक खेळाडूचा मान त्याने मिळवला. कॉलेजचा एवढा एकच हंगाम त्याच्या पदरी होता.

१९९४ च्या ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅकांपैकी हीथ शूलर तिसऱ्या क्रमांकावर आणि ट्रेंट डिल्फर सहाव्या क्रमांकावर गेला. वॉर्नरचे नाव सातही फेऱ्यांत आले नाही. ग्रीन बे संघाने त्याला शिबिरात बोलावले. तेथे ब्रेट फार्व्ह, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर हे तिघे आधीच जागा धरून होते. सरावात प्रशिक्षकाने पुढे हो म्हटले असता, डावांची वही अजून पाठ नाही म्हणून आपण मागे सरलो, हे वॉर्नरने पुढे दस्तुरखुद्द सांगितले आहे. थोड्याच दिवसांत त्याला घरी पाठवण्यात आले. यात ग्रीन बेचा दोष काढण्याचे कारण नाही. त्यांनी त्याला पाहिले, तपासले, आणि आज हा तयार नाही असा निवाडा दिला. तो त्या दिवसापुरता बरोबरच होता.

मग आले ते सीडर फॉल्सच्या किराणा दुकानातले दिवस. हाय-व्ही या साखळीच्या दुकानात रात्रपाळीला माल लावण्याचे काम, तासाला साडेपाच डॉलर. हे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असते की त्यात डोके लागत नाही, पण पाठ मोडते: खोक्याची चिकटपट्टी चाकूने उभी कापावयाची, फळीवरचा जुना माल पुढे ओढावयाचा, नवा मागे सारावयाचा, आणि प्रत्येक डब्याचे लेबल गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभे राहील असे वळवावयाचे; एक रांग संपली की दुसरी. गावातील कितीतरी शिकलेली मुले त्या काळी असली कामे करीत होती, आणि त्यांच्यापैकी कोणाविषयी चित्रपट निघाला नाही. वॉर्नर तेथून बाहेर पडू शकला, कारण बाहेर पडण्यास वाट होती.

ती वाट म्हणजे डे मॉइन शहरातील अरीना फुटबॉल. १९९५ साली आयोवा बार्नस्टॉर्मर्स हा संघ तेथे उभा राहिला. या खेळाला मातब्बर मंडळी नाके मुरडीत, कारण तो बर्फावरच्या हॉकीच्या रिंगणाएवढ्या जागेत चाले: लांबी अवघी ५० यार्ड, रुंदी ८५ फूट, बाजूला ८ गडी, कडेला गाद्या लावलेल्या भिंती, आणि दोन्ही टोकांना ताणलेली जाळी, जिच्यावर आपटून परतलेला चेंडूही खेळातच राही. एवढ्याशा जागेत क्वार्टरबॅकला विचार करण्यास उसंतच नसते. चेंडू हाती आला की पाय मागे पडण्यापूर्वी डोळ्याने माणूस टिपलेला असावा लागतो. ग्रीन बेच्या शिबिरात जो पुढे होण्यास कचरला, तोच गडी या कोंडवाड्यात तीन हंगाम घासला गेला. १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने बार्नस्टॉर्मर्सना अंतिम सामन्यापर्यंत नेले, आणि दोन्ही वेळा हार झाली. पुढे ज्या झटपट हाताचे देशभर कौतुक झाले तो हात डे मॉइनमध्ये घडला, हे त्या कौतुकात फार थोड्यांनी लिहिले, आणि त्याची खंत मला आजही आहे.

१९९७ साली शिकागोच्या संघाने चाचणी ठरवली, तेव्हा मधुचंद्रात कोळ्याच्या दंशाने त्याच्या फेकीच्या हाताचे कोपर सुजले आणि ती चाचणी बुडाली. त्यानंतर ॲमस्टरडॅम अॅडमिरल्स या युरोपातील संघाचे प्रशिक्षक अल लुगिनबिल यांनी त्याच्यासाठी संघांमागून संघांकडे शब्द टाकला. व्यावसायिक लीगमधील एखाद्या संघाने करार करून त्याला आपल्याकडे पाठवावे एवढीच त्यांची मागणी होती. अखेर रॅम्सनी त्याला पाहण्याचे कबूल केले. वॉर्नरच्याच सांगण्याप्रमाणे ती चाचणी चांगली झाली नव्हती. तरीही त्याचा करार झाला. १९९८ च्या वसंतात तो ॲमस्टरडॅममध्ये खेळला, आणि त्याच्या मागे राखीव म्हणून बसला होता जेक डेलोम, तोही ड्राफ्टमध्ये वगळला गेलेला, जो पुढे कॅरोलायनाच्या संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला. एका परदेशी संघाच्या बाकावर असे दोन मोहरे एका वेळी बसले होते.

एव्हाना माझी बदली सेंट लुईसला झाली होती. १९९८ सालचे रॅम्स म्हणजे ४ विजय आणि १२ पराभव. पुढच्या वर्षी क्लीव्हलँडच्या नव्या संघाला इतर संघांतून खेळाडू उचलण्याची मुभा देण्यात आली, तेव्हा रॅम्सनी वॉर्नरचे नाव सोडून देण्याच्या यादीत घातले, आणि क्लीव्हलँडने ते उचलले नाही. २८ ऑगस्ट १९९९ रोजी सरावसामन्यात पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन गुडघा दुखावून पडला. प्रशिक्षक डिक व्हर्मील भर वार्ताहर-सभेत डोळे पुसत म्हणाले की आम्ही वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू. त्या हंगामात वॉर्नरने ४,३५३ यार्डांची फेक केली, ४१ टचडाउन साधले, तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि ३० जानेवारी २००० रोजी अॅटलांटात टेनेसीविरुद्ध ४१४ यार्ड फेकून त्याने सुपर बोल २३-१६ असा जिंकला. अखेरच्या क्षणी टेनेसीचा केव्हिन डायसन गोलरेषेपासून एका यार्डावर असताना माइक जोन्सने त्याला धरून आडवा केला. तो माइक जोन्स मिसूरी विद्यापीठाचा, आणि १९९१ च्या ड्राफ्टमध्ये त्याचेही नाव नव्हते. या दोघांना हातात हात घालून उभे केले तर माझा सारा युक्तिवाद त्यात येतो.

त्या काळी क्रीडापानांवर पंडितांचा एक वर्ग होता, जो या यशाला योगायोग म्हणत असे. संघाला मार्शल फॉकसारखा धावणारा आणि आयझॅक ब्रूससारखा झेलणारा लाभला म्हणून हा किराणा दुकानातला गडी तरला, असे त्यांचे म्हणणे. २००१ साली तो दुसऱ्यांदा सर्वोत्कृष्ट ठरला तेव्हा ते थोडे नरमले, आणि २००४ साली रॅम्सनी त्याला मोकळे केले तेव्हा पुन्हा बोलू लागले. त्यांचे उत्तर ॲरिझोनाने दिले. जो कार्डिनल्स संघ सेंट लुईस सोडून गेला होता, त्यालाच वॉर्नरने फेब्रुवारी २००९ मध्ये सुपर बोलपर्यंत नेले. २०१७ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. त्या पंडितांपैकी कोणी आपला जुना मजकूर मागे घेतल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

त्याच्यानंतर सेंट लुईसमध्ये जे झाले ते मी झरझर सांगून टाकतो. २००७ ते २०११ या पाच हंगामांत १५ विजय आणि ६५ पराभव. मग आणखी चार नीरस वर्षे, आणि मग स्थलांतराचा तो ठराव.

आता सद्यःस्थिती. युरोपातील लीग २००७ साली गुंडाळली गेली. अरीना फुटबॉलचे दिवाळे २००९ साली निघाले, ते पुन्हा उभे राहिले आणि २०१९ साली पुन्हा बुडाले. ज्या सरावसामन्यांत अनोळखी पोरांना मैदान मिळे, ते २०२१ पासून चाराचे तीन झाले, कारण खऱ्या हंगामात एक सामना वाढवून मालकांना उत्पन्न वाढवावयाचे होते. पण सर्वांत मोठा घाव छोट्या कॉलेजांवर बसला आहे. २०१८ साली खेळाडूंना कॉलेज बदलण्यासाठी ट्रान्सफर पोर्टल उघडले, २०२१ साली त्यांना आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा आली, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतः वर्षाला सुमारे २ कोटी डॉलरपर्यंत खेळाडूंना वाटू शकतात. मुलांना पैसा मिळू लागला याचे मला समाधान आहे. वर्षानुवर्षे त्यांच्या घामावर इतरांनी इमले बांधले होते. परंतु आता छोटे कॉलेज एखाद्या पोराला शोधते, बाकावर बसवून शिकवते, आणि त्याचा हात बसला की श्रीमंत विद्यापीठ त्याला उचलून नेते. कॅम वॉर्ड टेक्ससमधील इन्कार्नेट वर्ड या लहान कॉलेजात घडला, तेथून वॉशिंग्टन स्टेटला आणि मग मायामीला गेला, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. त्याचे सोने झाले, आणि ते त्याच्या कर्तृत्वाचे आहे. ज्याने त्याला प्रथम ओळखले त्या कॉलेजच्या वाट्याला मात्र काही आले नाही.

अपवाद आहेत, आणि ते दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. वेस्ट व्हर्जिनियातील शेफर्ड विद्यापीठाचा टायसन बेजंट हा खालच्या श्रेणीतला, ड्राफ्टमध्ये न निवडलेला क्वार्टरबॅक २०२३ साली शिकागोच्या शिबिरात टिकला, आणि ऑक्टोबरात सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्याच सामन्यात त्याने संघाला ३०-१२ असा विजय मिळवून दिला. परंतु बेजंट शिबिरातच पसंत पडला. ग्रीन बेने नाकारलेल्या वॉर्नरला सावरण्यास चार वर्षे आणि दोन लीगा लागल्या होत्या, आणि आज त्याच्यासारख्या नाकारलेल्या पोरासाठी मुख्यतः वसंतातली एक छोटी, डळमळीत लीग उरली आहे.

म्हणून माझे मागणे दोन बाबींपुरते आहे. जगभरच्या सॉकरमध्ये खेळाडू मोबदला घेऊन क्लब बदलतो तेव्हा त्या रकमेतला ५ टक्के वाटा त्याला कोवळ्या वयात घडवणाऱ्या क्लबांना देण्याचा नियम आहे; तसाच नियम अमेरिकन कॉलेजांनी करावा, आणि मोठ्या विद्यापीठाने नेलेल्या प्रत्येक खेळाडूमागे त्याच्या पहिल्या कॉलेजला पैसा द्यावा. आणि लीगने चौथा सरावसामना परत आणावा, व त्यात शिबिरातल्या ड्राफ्टबाहेरच्या क्वार्टरबॅकला निदान दोन पाळ्या खेळवणे प्रत्येक संघावर बंधनकारक करावे.