छातीवर बसल्यावर घाई कशाला?

वस्तीतल्या घराघरांत मोबाइल आला आणि मोबाइलमधून जिउ-जित्सूही आले. खोलीत गादी अंथरायची आणि दोघांनी एकमेकांचे हात पिरगाळायचे. आम्ही रुग्णालयात नोकरीला होतो तेव्हा असाच एक पोरगा कोपर धरून आला होता. वर बसलेल्या मित्राचा हात ओढताना तोल गेला, तो मागे कोसळला आणि पडता पडता याच्या कोपराला हिसका बसला. मित्राच्या मनात काही वाईट नव्हते. बैठक कच्ची होती, एवढेच.

खेळ ब्राझीलचा. जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली तिथे गेले, त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले आणि ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरची झुंज वाढवली. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पाठ टेकल्यावरही झुंज चालूच राहते. खालच्याने हाताने थाप मारली, म्हणजे ‘टॅप’ केले, की थांबायचे. समोरच्याच्या छाती-पोटावर मांड ठोकून बसणे म्हणजे ‘माउंट’. स्पर्धेत असे तीन सेकंद टिकले तर चार गुण मिळतात. मग घाई सुटते आणि मिळालेली जागा जाते.

का जाते ते बघू या. वर बसलेला माणूस म्हणजे चार पायांचे स्टूल: दोन गुडघे, दोन हात. डावासाठी हात उचलला की एक पाय कमी झाला. खालचा याचीच वाट बघतो. तुमचा एक हात आणि त्याच बाजूचे पाऊल अडकवतो, कंबर उचलतो आणि तुम्हाला त्या बाजूला लोळवतो. म्हणून दोन्ही हात त्याच्या गळपट्टीत गेले की आपले कपाळ त्याच्या डोक्याशेजारी गादीवर टेकवावे. हाताची उणीव डोके भरून काढते.

नव्या मुलांनी ‘अमेरिकाना’पासून सुरुवात करावी, असे आम्हांला वाटते. समोरच्याचा हात काटकोनात दुमडून मनगट गादीवर दाबायचे, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलेच मनगट पकडायचे, मग त्याचा हात कंबरेकडे सरकवत कोपर हळूच उचलायचे. यात आपली छाती खालीच राहते. डाव फसला तरी बैठक जात नाही.

‘आर्मबार’चे तसे नाही. तिथे पाय हलवावे लागतात. आधी काखेपर्यंत वर सरका. त्याचा हात आपल्या छातीशी घट्ट धरा, अंग आडवे वळवा, वजन त्याच्या छातीवरच ठेवा. मग पाय डोक्यावरून घ्या, त्याच्या खांद्याला चिकटून बूड टेका, गुडघे आवळा आणि त्यानंतरच मागे झुका. बूड आणि खांदा यांत फट राहिली की कोपर निसटते आणि तो उठून वर येतो. मागे झुकण्याआधीच कोपर सुटू लागले तर खुशाल सोडा, पुन्हा माउंटवर या. सुटत्या हाताला हिसका देणे हाच मोठा दोष.

कोपराचे स्नायुबंध ताणले जातात तेव्हा दुखणे कधी कधी उशिरा कळते. खांद्याचेही तसेच. बैठक पक्की असेल तर जोर सावकाश लावता येतो आणि खालच्याला टॅप करायला वेळ मिळतो. गळ्याच्या डावात मेंदूकडचे रक्त अडते, काही सेकंदांत शुद्ध जाते. अंग सैल पडले की टॅपची वाट न बघता सोडा. लहान मुलांना हे डाव शिकवूच नयेत, असे आमचे मत आहे.

शुद्ध गेलीच तर सरळ निजवा, श्वास बघा. तोंडात पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. लगेच शुद्धीवर आला नाही किंवा श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन करा. शुद्धीवर आला तरी त्या दिवशी खेळ बंद, आणि डॉक्टरांना दाखवा. कोपर सुजले तर चोळून घेऊ नका. कापडात बर्फ गुंडाळून शेका, हात ओढणीच्या झोळीत ठेवा आणि दवाखान्यात न्या.